तेरचे गोरोबा कुंभार

मराठी मुलखात गोरोबा कुंभाराचे नाव ज्याने ऐकले नाही असा मनुष्य विरळा. आमच्या मंडळ्यांतील वडील माणसांनी तर त्यांची कथा लहानपणीच आजीच्या तोंडून ऐकलेली असते आणि ती पुढे जन्मभर विसरत नाही. कारण तीत चिखल आहे, रांगते मूल आहे, आईचा आकांत आहे आणि तुटलेले हात आहेत. त्याच गोरोबांचे चरित्र आज वाचकांपुढे ठेवण्याचे आम्ही योजले आहे. परंतु नुसती कथा सांगून आम्ही थांबणार नाही. कुंभाराचे काम कसे चालते हे ज्यास ठाऊक नाही त्यास ह्या चरित्राचे निम्मे मर्म कळत नाही, असा आमचा स्वतःचा अनुभव आहे. आणि तो अनुभव थोडा लाजिरवाणा असल्यामुळे प्रथम तोच सांगून टाकतो.

सुमारे वीस वर्षांपूर्वी, सेमिनरीतील अभ्यासक्रम पुरा करून आम्ही हिंगण्याच्या बाजूच्या खेड्यांत नुकतेच काम करू लागलो होतो. अंगात नवशिक्याचा जोर होता, आणि त्या जोराबरोबर जो एक उद्धटपणा येतो तोही होता. एका संध्याकाळी उघड्यावर भरलेल्या सभेत आम्ही गोरोबांची गोष्ट काढली व ती थट्टेच्या सुरात सांगितली. स्वतःचे मूल पायाखाली आलेले ज्या बापास कळत नाही त्याच्या भक्तीचे मोल काय, असे विचारून आम्ही लोकांस हसविले. पुष्कळ लोक हसलेही. परंतु पुढेच एक वृद्ध कुंभार बसला होता, तो हसला नाही. तो सावकाश उठला, खांद्यावर शेला टाकला आणि एक शब्दही न बोलता निघून गेला. त्या रात्री आम्हांस झोप लागली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही त्याचे घर शोधीत गेलो. म्हातारबाबा अंगणात चिखल तुडवीत होते. आमची क्षमायाचना त्यांनी ऐकून घेतली, पण उत्तर दिले नाही. आमच्या पायांतील जोड्यांकडे बोट दाखवून, ते काढून आत उतरा, एवढी खूण केली. आम्ही उतरलो. अर्ध्या तासात आमच्या पोटऱ्या भरून आल्या, कंबर धरली. ते मात्र आमच्या वडिलांच्या वयाचे असून एकसारखे तुडवीत होते. मग एके जागी त्यांनी पाय थांबविला, वाकून चिखलात बोटे घातली आणि ज्वारीच्या दाण्याएवढा चुनखडीचा खडा काढून आमच्या तळहातावर ठेवला. तो त्यांच्या टाचेस लागला होता. आम्ही त्याच जागेवरून दहा वेळा गेलो होतो, आम्हांस तो लागला नव्हता. त्या दिवसापासून पावसाळा लागेपर्यंत आम्ही दर आठवड्यास त्यांच्याकडे जात असू. मातीविषयी पुढे जे लिहिले आहे ते बहुतेक त्याच अंगणात शिकलेले आहे.

आता गोरोबांकडे वळू. त्यांचा गाव तेर. तो धाराशिव जिल्ह्यात तेरणा नदीच्या काठी आहे. आज लहानसा दिसणारा हा गाव फार जुना; त्याचे प्राचीन नाव तगर. ख्रिस्ती शकाच्या पहिल्या शतकात ग्रीक भाषेत लिहिलेल्या एका समुद्रप्रवासाच्या पुस्तकात तगर नगराचे नाव आले आहे, आणि तेथील माल भडोचच्या बंदरास जात असे असे त्यात सांगितले आहे. तेथील त्रिविक्रमाचे देऊळ विटांचे असून पुष्कळ पुरातन आहे. तेर येथील रामलिंगप्पा लामतुरे ह्या गृहस्थांनी आपल्या गावच्या जमिनीतून निघालेल्या वस्तू जपून ठेवल्या, आणि आता त्यांच्याच नावाने तेथे सरकारी वस्तुसंग्रहालय आहे. त्यात भाजलेल्या मातीच्या मूर्ती पाहावयास मिळतात. तात्पर्य, गोरोबांच्या जन्माच्या वेळी त्या गावात मातीस आकार देऊन ती भाजण्याचे काम हजार वर्षांहून अधिक काळ चालत आलेले होते. कुंभाराच्या पोरास ही विद्या कोणी शिकवावी लागत नाही. ती त्याच्या अंगणातच असते.

परंपरेप्रमाणे गोरोबांचा जन्म १२६७ साली झाला व १३१७ साली ते वारले. त्यांच्या बापाचे नाव माधवबुवा व आईचे रुक्मिणी असे सांगतात. ह्या जोडप्याची मुले एकामागून एक मरत गेली, आणि शेवटी देवाने त्यांतील एकास पुरलेल्या गोरीतून, म्हणजे थडग्यातून, जिवंत बाहेर काढले म्हणून त्याचे नाव गोरोबा पडले, अशी आख्यायिका आहे. नावाची ही उपपत्ती खरी असो वा नसो, जमिनीच्या पोटातून निघालेला मुलगा पुढे जन्मभर मातीच काढीत राहिला, हे सांगणाऱ्यास सुचले ह्यात नवल नाही.

वाचकांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. आपण जी विस्तृत कथा ऐकतो ती मुख्यत्वे महिपतीच्या भक्तविजय ह्या ग्रंथातून आलेली आहे, आणि तो ग्रंथ १७६२ साली पुरा झाला; म्हणजे गोरोबांच्या मागून जवळजवळ साडेचारशे वर्षांनी. त्यामुळे कोणती गोष्ट घडली आणि कोणती भाविकांच्या मनात वाढली, हे आज वेगळे काढणे कठीण आहे. तथापि हा ग्रंथ टाकून देण्यासारखा आमच्या वडील मिशनऱ्यांसही वाटला नाही. अमेरिकन मराठी मिशनचे जस्टिन अ‍ॅबट साहेब ह्यांनी म्हातारपणी पंडित नरहर गोडबोले ह्यांच्या साह्याने त्याचे संपूर्ण इंग्रजी भाषांतर केले. ते १९३३ व १९३४ साली दोन भागांत छापून निघाले, आणि पहिला भाग निघण्यापूर्वीच साहेब निवर्तले होते. आमच्या त्या संध्याकाळच्या थट्टेपूर्वी हे आम्हांस ठाऊक असते तर बरे झाले असते.

कुंभाराचे काम चाकावर सुरू होते असे पुष्कळांस वाटते. ते चूक आहे. ते मातीच्या खाणीत सुरू होते. आमच्या विदर्भातील शेताची काळी माती एकटी घेतली तर मडके होत नाही. ती पाण्याने फार फुगते व वाळताना फार आकसते, आणि आकसली की तडकते. म्हणून तळ्याच्या किंवा नाल्याच्या तळाची बारीक गाळाची माती काढून तीत बेताने तांबडी माती, बारीक वाळू, राख किंवा घोड्यागाढवाची वाळलेली लीद मिसळतात. वाळूने आकसणे कमी होते. लीद भाजताना जळून जाते आणि तिच्या जागी बारीक छिद्रे राहतात, त्यांतून पाणी पाझरते व माठातील पाणी थंड होते. माती योग्य झाली किंवा नाही हे पाहण्याची सोपी रीत म्हाताऱ्याने आम्हांस दाखविली. बोटाएवढी वळी करावी आणि ती बोटाभोवती गुंडाळावी. वळी चिरली तर मातीत चिकटपणा उणा आहे. बोटास लागून सुटेना तर वाळू उणी आहे. न चिरता, न चिकटता वळली तर कामास लागावे.

माती प्रथम पूर्ण वाळवून कुटावी, चाळावी, मग भिजत घालावी. अर्धवट ओलसर ढेकळे पाण्यात टाकली तर ती आतून विरघळत नाहीत. कोरडी ढेकळे मात्र आपोआप फुटून विरतात. ह्यानंतर खडे निवडण्याचे काम येते, आणि त्यातही चुनखडीचा खडा हा मुख्य शत्रू होय. तो मडक्यात राहून भाजला गेला की त्याचा चुना होतो. पुढे कित्येक दिवसांनी तो हवेतील ओल ओढून फुगतो आणि बाहेरून धड दिसणाऱ्या मडक्याचा टवका उडवितो. बाजारातून आणलेला नवा माठ घरी आपोआप फुटला अशी तक्रार आपण ऐकतो. त्यातील कित्येक माठ ज्वारीएवढ्या खड्याने फुटलेले असतात. आणि हा खडा शोधण्याचे साधन कोणते, तर कुंभाराचा तळपाय. चिखल तुडविताना कुंभार मध्यापासून कडेकडे गोल फिरत जातो, मग ढीग पुन्हा मध्यावर ओढतो व पुन्हा तुडवितो. ह्यामुळे माती एकजीव होते, आतील हवा निघून जाते आणि जे काही त्यात असू नये ते पायास लागते.

आता ती कथा. गोरोबांची बायको संती पाणी आणावयास गेली होती. जाताना तिने रांगते मूल नवऱ्याच्या हवाली केले होते. गोरोबा विठोबाचे भजन करीत चिखल तुडवीत होते. डोळे मिटलेले. मूल बापाकडे रांगत आले, चिखलात उतरले, आणि बापाच्या पायांखाली तुडविले गेले. संती परत आली तेव्हा तिला चिखलाच्या लालीवरून काय झाले ते कळले.

ज्या कुंभाराच्या पायास ज्वारीएवढा खडा लागतो त्याच्या पायास आपले मूल लागले नाही, हे ह्या कथेचे भयंकरपण आहे. आम्ही थट्टा केली तेव्हा हे आम्हांस कळले नव्हते. त्या म्हाताऱ्यास कळत होते, आणि म्हणूनच तो उठून गेला. ज्यांनी ही कथा प्रथम रचली त्यांस कुंभाराचे काम ठाऊक होते. बाप निष्काळजी होता असे त्यांस सांगावयाचे नव्हते. जे पाय कधी चुकत नाहीत तेही त्या दिवशी देहाबरोबर हरपले होते, असे त्यांस सांगावयाचे होते. तरीही आम्ही स्पष्ट बोलतो की ह्या भक्तीपुढे आमचे मन आजही निःशंकपणे नमत नाही. मूल सोपविलेले होते. आमचे कित्येक उपदेशक बंधू चार गावे फिरत असता घरी तापाने पडलेल्या लेकराकडे पाहावयास कोणी नसते, हे आम्ही पाहिले आहे. आणि स्वतः आम्हीही त्यात निर्दोष नाही. ही कथा वाचताना कुंभाराच्या जातीकडे बोट दाखविण्यापूर्वी आम्हांस आता आपले घर आठवते.

संतीने रागाच्या भरात विठोबास बोल लावला. ते सहन न होऊन गोरोबा काठी घेऊन तिच्या अंगावर धावले, तेव्हा तिने त्यांस विठोबाची शपथ घातली की त्यांनी ह्यापुढे तिला हात लावू नये. गोरोबांनी ती शपथ अक्षरशः पाळली. घर चालले, चाक फिरले, पण नवराबायकोत अंतर पडले ते पडलेच. वंश खुंटेल म्हणून संतीने आपल्या बापास सांगून धाकटी बहीण रामी हिचे गोरोबांशी लग्न लावून दिले. सासऱ्याने निरोप देताना दोघी मुलींस सारखे वागवा असे जावयास बजाविले. गोरोबांनी त्याचाही अर्थ असा केला की थोरलीस हात लावता येत नाही तर धाकटीसही लावू नये. पुढे एका रात्री ते निजले असता दोघी बहिणींनी त्यांचे हात आपल्या अंगावर घेतले. जागे झाल्यावर शपथ मोडली असे समजून गोरोबांनी आपले दोन्ही हात तोडून टाकले.

हात गेलेला मनुष्य कोणताही असला तरी दुःखीच. परंतु कुंभाराचे हात गेले म्हणजे काय गेले हे चाकाजवळ बसल्यावाचून कळत नाही. आपल्याकडचे चाक जड असते, जमिनीत रोवलेल्या खुंट्यावर टेकलेले असते. काठीने त्यास जोराने गती दिली की ते आपल्याच वजनाने काही वेळ फिरत राहते, आणि तेवढ्या वेळात काम उरकावे लागते. मातीचा गोळा मध्यावर आणणे ही पहिली पायरी, आणि नवशिक्याचे बहुतेक दिवस हिच्यातच जातात. गोळा केसभर बाजूस असला तरी तो हातास धक्के देतो, आणि भिंत वर चढू लागली की एका बाजूस जाड व दुसऱ्या बाजूस पातळ होऊन कोसळते. धक्के देणाऱ्या गोळ्यावर जोर करून उपयोग नाही. कोपरे शरीरास टेकवून हात स्थिर ठेवावे लागतात, म्हणजे गोळाच हातांस शरण येतो. मग अंगठ्यांनी मध्ये खळगा पाडावयाचा, आणि एक हात आत व एक बाहेर ठेवून दोहोंच्या मधून भिंत हळूहळू वर ओढावयाची. आतला हात डोळ्यांस दिसत नाही. बाहेरचा हात जो दाब देतो तोच आतल्याने झेलावा लागतो. दोघांत फरक पडला की भांडे गेले. शेवटी दोऱ्याने तळ कापून भांडे उचलतात.

आम्ही पहिल्या महिन्यात एकही भांडे उभे करू शकलो नाही. म्हाताऱ्यास आमची दया आली असावी, कारण त्याने आम्हांस चाकावरून उठवून त्याच्या नातवंडांजवळ बसविले. मुले चाकावाचून भांडी करीत होती. लिंबाएवढा गोळा तळहातावर घेऊन त्यात अंगठा घालावा, आणि गोळा फिरवीत फिरवीत चिमटीने भिंत पातळ करीत जावे. ही झाली पणती किंवा वाटी. थोरल्या भांड्यास मातीच्या लांब वळ्या करून त्या एकावर एक वेटोळ्याने रचाव्या आणि प्रत्येक वळी खालच्या वळीत बोटाने पुसून मिळवावी. नुसती ठेवली तर वाळल्यावर त्याच जागी फट पडते. तिसरी रीत पोळीप्रमाणे लाटण्याची: लाटलेल्या पोळीचे तुकडे कापून, कडा ओरखडून, मातीच्या पातळ राबडीने जोडावे, जोडताना दोन्ही तुकड्यांत ओल सारखीच असावी. आमच्या शाळांतील शिक्षकांस मुलांच्या हाती काही द्यावयाचे असेल तर ह्या तीन रीतींस चाक लागत नाही, पैसाही लागत नाही.

हात गेल्यावर गोरोबांचे घर कोणी चालविले? येथे कथा मोठी कौतुकाची आहे. विठोबा स्वतः कुंभाराच्या वेषात तेरला आले, रुक्मिणी त्यांची बायको झाली, गरुड गाढव झाला, आणि तिघांनी मिळून गोरोबांच्या घरची मडकी केली. गरुडास गाढव करण्याचे धैर्य कुंभारवाड्यातील माणसासच व्हावे! माती वाहणारे जनावर ह्या धंद्यात किती मोलाचे असते हे ज्यास ठाऊक, त्यास ह्यात गरुडाचा अपमान दिसणार नाही.

पुढे आषाढी एकादशीस गोरोबा दोन्ही बायकांसह पंढरपुरास गेले. वाळवंटात नामदेवांचे कीर्तन चालले होते. नामदेवांनी सर्वांस हात वर करून टाळी वाजविण्यास सांगितले. गोरोबांनी आपले थोटे वर केले आणि त्यांस हात फुटले. मग संतीने आपले मूल मागितले, आणि ते रांगत तिच्याकडे आले. शपथही सोडविण्यात आली. ह्या चमत्काराविषयी आम्ही येथे वाद घालीत नाही. एवढेच दाखवितो की कथा हातांपाशी संपत नाही. हात परत मिळाले, पण आईस मूल मिळाले नसते तर ऐकणाऱ्या बायकांनी ही गोष्ट कधी पुढे सांगितली नसती. संतीचा हिशेब बाकी होता आणि तो सांगणाऱ्याने चुकता केला.

गोरोबांच्या चरित्रातील दुसरा प्रसिद्ध प्रसंग थापटण्याचा आहे. ज्ञानदेवांनी १२९६ साली आळंदीस समाधी घेतली, म्हणून तो त्यापूर्वीचा असला पाहिजे. म्हणजे परंपरेची सालेच धरली तर गोरोबांची तेव्हा तिशीही उलटली नव्हती. तरी नामदेव, निवृत्तिनाथ, ज्ञानदेव व मुक्ताबाई ह्या सर्वांहून ते वडील, म्हणून सारी मंडळी त्यांस काका म्हणे, आणि आजही ते गोरोबाकाकाच आहेत.

थापटणे म्हणजे लाकडाची चपटी थापी. चाकावरून उतरलेले मडके जाड व बसकट असते. ते थोडे सुकून हाताने उचलण्याजोगे झाले की कुंभार आत दगडाचा गुळगुळीत गोटा धरतो आणि बाहेरून थापटण्याने ठोकतो. माती चिकटू नये म्हणून राख लावतो. ठोकता ठोकता भिंत पातळ व घट्ट होते, पोट फुगते आणि तळ गोल होतो. हे काम एका बैठकीत होत नाही. ठोकावे, सुकू द्यावे, पुन्हा ठोकावे. फार ओले असता ठोकले तर बसते, फार सुकल्यावर ठोकले तर चिरते. मग सावलीत वाळवणे. उन्हात वाळविलेले भांडे एका बाजूने आधी आकसते आणि तडकते, म्हणून घाई करणाऱ्याने ह्या धंद्यात येऊ नये. वाळल्यावर गेरूचा हात देऊन गुळगुळीत गोट्याने घासले म्हणजे तकाकी येते.

शेवटी आवा. खाली गोवऱ्या व काटक्या, त्यांवर मडकी, मध्ये मध्ये पुन्हा गोवऱ्या, आणि वरून गवत, राख व चिखलाचे लिंपण. पहिला विस्तव फार मंद हवा. मडके बोटास कोरडे लागले तरी त्याच्या अंगात ओल असते. ती एकदम वाफ झाली तर मडके आव्यातच फुटते. ती निघून गेल्यावर आच वाढवितात. पाचशे ते सहाशे अंश सेंटिग्रेडच्या सुमारास मातीच्या कणांतच बांधले गेलेले पाणी निघून जाते, आणि तेथून माती पुन्हा कधी चिखल होत नाही. गावच्या आव्यात मडके लाल निखाऱ्यासारखे होते तेवढी आच पुरते. चिनी मातीच्या भांड्यांस बाराशे अंशांच्या वर जावे लागते, ते गोवऱ्यांचे काम नव्हे. हवा खेळत राहिली तर मातीतील लोहामुळे मडके तांबडे होते. हवा कोंडून धूर आत दाबला तर काळे. आवा पूर्ण निवेपर्यंत उघडावयाचा नाही.

हे काळे-तांबडे करण्याचे ज्ञान आमच्या दारातच किती जुने आहे ते पाहा. हिंगणा तालुक्यातील टाकळघाट येथे शिलावर्तुळे आहेत. नागपूर मिशनचे स्टीफन हिस्लॉप साहेब, ज्यांच्या नावाचे कॉलेज नागपुरात आहे, हे तीच शिलावर्तुळे पाहून परतत असता ४ सप्टेंबर १८६३ च्या रात्री पूर आलेल्या ओढ्यात बुडून वारले. पुढे शंभर वर्षांनी नागपूर विद्यापीठाने टाकळघाट व खापा येथे उत्खनन केले. त्यात ख्रिस्तापूर्वी कित्येक शतकांची काळी-तांबडी भांडी निघाली. एकाच भांड्याचा काही भाग काळा व काही तांबडा. तोंडाकडील भाग भुशात किंवा राखेत उपडा दाबून हवा तोडली आणि बाकीचा उघडा ठेवला म्हणजे असे होते, असे सामान्यतः समजतात. त्या कुंभारांची नावे राहिली नाहीत, मडकी राहिली.

आता प्रसंग असा. संतमंडळी तेरला गोरोबांच्या घरी जमली होती. मुक्ताबाई वयाने सर्वांत लहान. तिने कोपऱ्यात थापटणे पाहिले आणि हे कशासाठी असे विचारले. मडके पक्के की कच्चे हे ह्याने ठोकून पाहतो, असे गोरोबांनी सांगितले. मग आम्हां सर्वांस ठोकून पाहा, असे ती म्हणाली. गोरोबा उठले व एकेकाच्या डोक्यावर थापटणे मारीत गेले. सर्व जण स्तब्ध बसून राहिले. नामदेवांची पाळी आली तेव्हा ते चिडले, त्यांनी तक्रार केली. गोरोबांनी निकाल दिला की हे मडके कच्चे आहे.

ज्यास देव प्रत्यक्ष भेटतो असे लोक म्हणत, ज्याच्या कीर्तनास गर्दी लोटे, त्यास सर्वांदेखत कच्चा म्हटले! आमच्यापैकी ज्यांस बोलावयास बरे येते त्यांनी हे वाचून थोडे थांबावे; आम्ही तर थांबलोच. परंतु गोरोबांच्या निकालाचा अर्थ बहुतेक लोक अर्धाच घेतात. कच्चे म्हणजे वाईट असे ते समजतात. कुंभार तसे समजत नाही. ठोकल्यावर तीन तऱ्हेचे आवाज येतात. भाजलेले चांगले मडके खणखणते. कच्चे भद्द वाजते. तिसरे, भाजलेले पण तडा गेलेले, ते फुटका किरकिरा आवाज करते. ह्या तिसऱ्याचे काही होत नाही. फार तर खापर कुटून नव्या मातीत मिसळावे. कच्च्याचे मात्र सर्व काही होऊ शकते. ते पाण्यात टाकले तर रात्रीतून चिखल होते, आणि तोच चिखल पुन्हा चाकावर चढतो. यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकात हाच भेद आहे. अठराव्या अध्यायात कुंभाराच्या हाती बिघडलेले भांडे ओले आहे, म्हणून तो त्याचेच दुसरे करतो. एकोणिसाव्यात भाजलेले मडके फोडले आहे, आणि ते पुन्हा सांधता येत नाही. आम्ही सेमिनरीत हे दोन्ही अध्याय शिकलो होतो, पण ते एकमेकांशेजारी का आहेत हे त्या म्हाताऱ्याच्या अंगणात कळले. आमच्या हातचे पहिले उभे राहिलेले भांडे त्याने ठोकून पाहिले, तळ जाड आहे असे सांगितले, आणि आव्यात न घालता भिजत्या मातीच्या खड्ड्यात टाकून दिले. आम्हांस वाईट वाटले. दुसऱ्या आठवड्यात त्याच मातीचे आम्ही दुसरे केले.

नामदेव रुसून पंढरपुरास गेले. तेथेही त्यांस उत्तर असेच मिळाले की गोरोबांचा निकाल खरा आहे, गुरू करावा. मग ते औंढा नागनाथास विसोबा खेचरांकडे गेले व त्यांचे शिष्य झाले. ह्यानंतर नामदेव पुष्कळ वर्षे जगले, उत्तरेस पंजाबपर्यंत गेले, आणि त्यांची पदे शिखांच्या आदिग्रंथात आहेत. १३५० हे त्यांच्या निधनाचे साल मानतात. निकाल देणारे गोरोबा तेरच्या बाहेर फारसे गेल्याचे दिसत नाही. पंढरपूरची वारी आणि चाक, ह्यांतच त्यांचे आयुष्य गेले. त्यांच्या नावावर मिळणारे अभंग थोडे, सुमारे वीस.

चैत्र वद्य त्रयोदशी ही त्यांची पुण्यतिथी. तेर येथे तेरणेजवळ त्यांची समाधी व देऊळ आहे, आणि गावात त्यांचे घर म्हणून एक जागा दाखवितात. आम्ही तेथे गेलो होतो तेव्हा त्या म्हाताऱ्यासाठी नदीकाठची मूठभर माती रुमालात बांधून आणली. त्याने ती तळहातावर ओली केली, बोटाएवढी वळी केली, बोटाभोवती गुंडाळली, आणि थोडी वाळू पाहिजे असे सांगितले.